टाइम मशीन मिळालं तर मुंबईच्या कोणत्या काळात राहायला जाल?

फोर्टकर
भूतकाळात जाण्याचा खेळ लहानपणी सगळ्यांनीच खेळलेला असतो. पण त्यात आपण पाहुणे असतो. लढाई बघायची, राज्याभिषेक बघायचा आणि जेवायच्या वेळेला घरी परतायचं. मला वेगळं विचारायचंय. राहायला जायचं आहे, कायमचं. मुंबईतला कोणता काळ निवडाल?

दोन अटी घालतो, नाहीतर सगळे राजवाड्यातच उतरतील. आज जसे आहात तसेच जायचं: हेच वय, हेच शरीर, हेच आडनाव, बाई असाल तर बाई, पुरुष असाल तर पुरुष. आणि इथून काही न्यायचं नाही. डोक्यात जे आहे ते तेवढं तुमचं.

मी १८६२ च्या सुमाराला उतरेन. बार्टल फ्रिअर मुंबईचा गव्हर्नर आहे आणि किल्ल्याचा तट पाडायला काढलाय. मी रोज नोकरीला जातो तो फोर्ट तेव्हा खरोखर तटाच्या आत होता आणि चर्चगेट हा खरोखरचा दरवाजा होता. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलंय, तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा थांबलाय आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आलाय. रेल्वे सुरू होऊन नऊ वर्षं झालीत. विहारचं पाणी नळाने शहरात यायला लागलंय. विद्यापीठ निघालंय, पण त्याला स्वतःची इमारत नाही. नाना शंकरशेट हयात आहेत, भाऊ दाजी रोगी तपासतायत. पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत क्रॉफर्ड मार्केट, हायकोर्ट, राजाबाई टॉवर असं एकेक उभं राहणार. तयार मुंबई आपण सगळेच बघतो. मला परांच्या बांधलेल्या बघायच्यात, त्यांवर चढणारी माणसं बघायचीत, कुठला दगड कुठून आला ते विचारायचंय.

पोटापाण्याचं म्हणाल तर मी हिशेबाचं काम करतो आणि इंग्रजी लिहिता येतं. १ जुलै १८६५ ला वायदेबाजार कोसळणार हे माहीत आहे, तेव्हा शेअरच्या नादी लागणार नाही. हिशेब बहुतेक मोडीत असतील आणि मला मोडी येत नाही. शिकेन.

तुमचं सांगा.

चाफा_मालाड
रुमाल टाकून ठेवते. लोकलमध्ये बसायला मिळालं की सविस्तर लिहिते.

घड्याळवाला
मस्त धागा! पण मशीनवर वेळ कुठली लावणार ते आधी ठरवा. १९०६ पासून देशाला एक प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबई महापालिकेने 'बॉम्बे टाइम' काही सोडली नाही. ती ३९ मिनिटं मागे होती आणि १९५५ पर्यंत चालली. म्हणजे जवळपास पन्नास वर्षं या शहरात दोन वेळा नांदत होत्या. मी तिथेच जाणार. उशीर झाला की साहेबाला सांगायचं, मी मुंबईच्या वेळेने आलोय.

मीठभाकर
फोर्टकर, तुमचं १८६२ ठीक आहे, पण जे लोक आता यादव, शिलाहार म्हणत येतील त्यांनी आधी स्वयंपाकघरात डोकावून बघा. पोर्तुगीज येण्याआधी इथे मिरची नाही. बटाटा नाही, टोमॅटो नाही, शेंगदाणा नाही, मका नाही, काजू, पेरू, पपई नाहीत. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तोही दक्षिण अमेरिकेतला. उपासाला काय खाणार? साबुदाण्याची खिचडी म्हणजे कंद तिकडचा, दाणे तिकडचे, मिरची तिकडची, बटाटाही तिकडचा. आपलं म्हणावं तर जिरं आणि तूप उरतं.

वडापावचं तर बोलायलाच नको. बटाटा नाही, पाव नाही, वरची तळलेली मिरची नाही, ठेचा नाही.

गंमत सोडा, त्या काळच्या जेवणाबद्दल मला मनापासून कुतूहल आहे. तिखटपणा मिरीचा आणि आल्याचा. आंबटपणाला कोकम. वांगं, पडवळ, दोडका आपलेच. नारळ, तांदूळ, मासे आहेतच. मिरीतलं माशाचं कालवण मी घरी करून बघितलंय. ओलं खोबरं, मिरी, हळद, कोकम आणि शेवटी कढीपत्ता. तिखट लागतं, पण ते जिभेच्या शेंड्यावर न लागता घशाशी उतरतं. मुलांनी भात परत मागून घेतला. तेव्हा मी उपाशी मरणार नाही. पण मिरचीशिवायचं उरलेलं आयुष्य? नको. माझी हद्द सतरावं शतक.

लोकल_८_१२
साबुदाण्याचं वाचून आईला दाखवलं. ती म्हणाली, मग वरीचे तांदूळ खा आणि गप बसा.

सोपारा_वाट
मिरची नसली तरी मी जाणार. मीठभाकर, तुमचं कालवण लिहून घेतलंय.

माझा काळ इसवी सनाचं दुसरं शतक, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं राज्य. बोरिवलीला राहतो, त्यामुळे कान्हेरी हे माझं नेहमीचं ठिकाण. शंभरावर लेणी आहेत तिथे. बहुतेक लोक चैत्यगृह बघतात, माकडांना टाळतात आणि परततात. मी जातो पाण्यासाठी. बहुतेक लेण्यांच्या दाराशी कातळात कोरलेलं टाकं आहे. वर डोंगरावर पडलेला पाऊस कातळात खोदलेल्या बारीक पन्हळींमधून उतरतो आणि त्या टाक्यात येतो. जुलैत भर पावसात जाऊन बघा. छिन्नीने काढलेल्या त्या बोटभर रुंदीच्या वाटेने पाणी आजही बरोबर वळण घेतं. कुठल्या उताराला किती पाणी धरेल याचा हिशेब कुणीतरी तिथे उभं राहून केला होता. भिंतींवरच्या लेखांत देणगीदारांची नावं आहेत, कल्याण, सोपारा, नाशिक अशा गावांची. त्यांत व्यापारी आहेत, कारागीर आहेत. सोपारा तेव्हा मोठं बंदर होतं.

मला त्या पन्हळी काढणाऱ्यांच्या हाताखाली राहायचंय. भाषा प्राकृत, ती ऐकून ऐकून येईल. मला लोक विचारतात की एवढ्या मागे जाऊन काय मिळणार. एका दगडावर पावसाचं पाणी राखून वर्ष काढणं मिळणार. आज आपण तानसा-वैतरण्याचं पाणी एवढ्या लांबून आणतो आणि मे महिन्यात कपात जाहीर होते.

जुईचा_वेल
सगळ्यांचं वाचतेय, छान चाललंय. माझं उत्तर मात्र फार लवकर ठरलं.

माझ्या मुलीला टाइप १ मधुमेह आहे. फोर्टकरांची अट म्हणते हेच शरीर. मी तिच्याशिवाय कुठे जाणार नाही, म्हणजे तिचंही हेच शरीर. इन्सुलिन पहिल्यांदा माणसाला दिलं गेलं ते जानेवारी १९२२ मध्ये, टोरँटोला. त्याआधी जगात कुठेही, कुठल्याही राजाच्या घरात, अशा मुलाला उपाय नव्हता. जेवण तोडत तोडत थोडे महिने काढायचे, एवढंच डॉक्टरांच्या हातात होतं. म्हणून १९२२ च्या अलीकडच्या बाजूलाच माझा नकाशा सुरू होतो. आणि औषध निघालं म्हणजे ते गिरगावातल्या दुकानात लगेच, परवडेल अशा दरात मिळालं असं नाही. सुई उकळून वापरायची, रक्तातली साखर घरी तपासायची सोय नाही. हे सगळं धरलं तर मी विसाव्या शतकाच्या शेवटाला येऊन थांबते.

मुलगी आता कॉलेजात आहे. तिला विचारलं तर म्हणाली, आई, मला पुढे जायचंय, मागे नाही.

फोर्टकर
जुईताई, लेकीचं उत्तर सगळ्यात चोख. पुढच्या काळाचा धागा तिनेच काढावा.

जुनं_ते_सोनं
प्रत्येकजण रोगराई आणि अडचणीच का मोजतोय? १९५० चं दशक घ्या. मोकळे रस्ते, ट्राम, समुद्राचा वारा, दार उघडं टाकून झोपणारी माणसं. एकत्र कुटुंब. संध्याकाळी गॅलरीत सगळा मजला जमायचा. आज शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं हे माहीत नसतं. माणसाला माणूस लागतो आणि ते तेव्हा होतं. मी दादरला, १९५२ मध्ये, डोळे मिटून जाईन.

चाफा_मालाड
मिळाली खिडकी, लिहिते.

जुनं_ते, गॅलरीत मजला जमायचा हे खरं आहे. माझी आजी त्याच काळात दादरच्याच चाळीत सून म्हणून आली. ती सांगायची की गॅलरीतल्या गप्पा तिने आतून ऐकल्या. बाहेर यायला तिला रात्रीची भांडी आवरल्यावर वेळ मिळायचा आणि तोवर सगळे झोपायला गेलेले असायचे. पहाटे नळ, मग कोळशाची शेगडी, पुढे रॉकेलची रांग. माणसाला माणूस लागतो, अगदी मान्य. मला त्या मजल्यावरच्या सगळ्या बायका एका वेळी गॅलरीत बसलेल्या बघायच्यात, आणि त्यासाठी आत कुणीतरी दुसऱ्याने भाकऱ्या भाजाव्या लागतील. तुम्ही १९५२ ला जाणारच असाल तर तेवढं करा.

माझा काळ ५ मे १९९२ आणि त्यापुढचा. त्या दिवशी पश्चिम रेल्वेवर पहिली लेडीज स्पेशल निघाली. आई तेव्हा चर्चगेटला नोकरीला होती. त्या गाडीत बायका मटार सोलत, हळदीकुंकू करत, परीक्षेचे पेपर तपासत. आईच्या मैत्रिणी सगळ्या गाडीतल्या. मला आईबरोबर तिच्या वयाची होऊन त्या डब्यात बसायचंय.

जुनं_ते_सोनं
चाफाताई, भाकऱ्या मला येतात. थापतो, फुगतातही. तुमच्या आजीला बाहेर बसवा, मी शेगडीपाशी बसतो. पण १९५२ च!

रानजाई
+१ चाफा. मी वकिली करते, त्यामुळे माझा हिशेब कायद्याच्या तारखांनी होतो.

फोर्टकरांच्या काळाच्या जरा पुढे, १८८४ मध्ये, मुंबई हायकोर्टात दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई हा खटला उभा राहिला. लग्न झालं तेव्हा ती अकरा वर्षांची होती. मोठी झाल्यावर ती नांदायला गेली नाही, म्हणून नवरा कोर्टात गेला. पहिला निकाल तिच्या बाजूने लागला. अपिलात तो फिरला आणि १८८७ मध्ये हुकूम झाला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तिने तुरुंग पत्करते असं सांगितलं. शेवटी १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. मग ती इंग्लंडला गेली, डॉक्टर होऊन परत आली आणि पुढची कितीतरी वर्षं सुरतेत, राजकोटात बायकांवर उपचार करत राहिली.

मी एकटी, नोकरी करणारी, स्वतःच्या नावावर घर असलेली बाई आहे. ही माझी आजची ओळख घेऊन मी १८८० च्या मुंबईत उतरले तर भाड्याने खोली कोण देईल? सनद तर मिळणारच नाही, बायकांना वकिली खुली झाली १९२३ मध्ये. तरी मी जाईन. १८८७ च्या मार्चमध्ये त्या कोर्टात मागच्या बाकावर बसायला मला जागा हवी आहे. निकाल ऐकल्यावर ती बाई बाहेर आली असेल तेव्हा तिच्या बाजूने चालणारं कुणीतरी असावं. मला माहीत आहे की ती जिंकणार, डॉक्टर होणार. तिला ते माहीत नव्हतं. एवढं तिच्या कानात सांगायला मी परतीचं तिकीट सोडून देईन.

लोकल_८_१२
रानजाई, दंडवत.

लालबागचा_नातू
मी फार लांब जाणार नाही. लालबाग, १९६० ते १९८१.

आजोबा कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाला. रत्नागिरीहून आले, गाववाल्यांच्या गाळ्यात राहिले. दहा-पंधरा माणसं एका खोलीत. पहिली पाळी उठून कामाला गेली की रातपाळीवाले त्याच वळकट्यांवर अंग टाकायचे. जेवण खानावळीत, आणि ती खानावळ पुढे माझी आजीच चालवायला लागली. पहाटे नळावर, मग चूल, मग डबे. उधारीवर वाणसामान, आणि पगार लांबला की मंगळसूत्र सावकाराकडे. १९७५ ला प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्यानंतर अशा बायकांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं. आजीला पहिल्यांदा बँकेत सही करायला नेलं तेव्हा ती नवी साडी नेसून गेली होती.

मला तिथे जाऊन तिचे डबे पोचवायचेत. बाकी काही नको. गिरणीचा भोंगा झाला की सगळा रस्ता माणसांनी भरायचा, ते बघायचंय. आज तिथे टॉवर आहेत आणि खाली गाड्या लावायलाही जागा नाही.

चौपाटी_वारा
@लालबागचा_नातू, १९८१ लाच का थांबता? डोक्यात जे आहे ते तुमचं ही अट आहे ना. १८ जानेवारी १९८२ चा गिरणी संप होणार हे जाऊन सांगा की सगळ्यांना. अडीच लाख घरं वाचतील.

मी तेच करणार आहे, फक्त दुसऱ्या तारखेला. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया गोदी. फोर्ट स्टिकिन जहाजात कापसाच्या गासड्या आणि जवळपास १,४०० टन स्फोटकं एकत्र भरली होती. दुपारी धूर दिसला, पहिला स्फोट चारनंतर झाला. मधे दोनेक तास होते. आग विझवायला बंबवाले जहाजावर चढले आणि तिथेच गेले. त्यांच्या आठवणीत आजही १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. माझे काका अग्निशमन दलात होते. मी दोन वाजता त्या धक्क्यावर उभा राहून घसा फुटेस्तोवर ओरडेन की जहाज रिकामं करा, माणसं मागे घ्या.

लालबागचा_नातू
तुमचं ओरडणं पटतं हो. आगीचं ऐकतील. संपाचं कुणाला सांगू आणि काय सांगू? बदली कामगार वर्षानुवर्षं बदलीच राहत होते, पगार इतर कारखान्यांच्या मानाने मागे पडला होता. मागण्या खऱ्या होत्या. मी जाऊन म्हणालो की उतरू नका, हराल, तर आजोबा मला विचारतील की मग काय करू, गप्प बसू? त्यांना द्यायला माझ्याकडे आजही उत्तर नाही. म्हणून मी डबे पोचवणार.

वरळीची_लेक
इथे कुणी कोळीवाड्यातलं आलं नाही अजून, म्हणून लिहिते.

तुमच्या सगळ्या काळांमध्ये आम्ही होतोच. इंग्रजांनी १६६८ ला ही बेटं वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला दिली तेव्हा आमची होडी किनाऱ्यावर होती. हॉर्नबी वेलार्डच्या बांधाने खाडी बुजवली तेव्हाही होती.

मला माझ्या आज्याच्या तरुणपणात जायचंय, पन्नासच्या दशकात. डोल जाळं भरती-ओहोटीच्या ओढीवर लागतं. समुद्रात खुंट रोवून तोंड उघडं ठेवायचं, पाणी आपोआप बोंबील आणून घालतं. म्हणून कामाचे दिवस तिथीवर ठरतात, घड्याळावर नाही. आजा म्हणायचा की तेव्हा जाळं ओढायला माणसं कमी पडायची. आता डिझेल जाळून लांब जायचं आणि अर्धी बोट रिकामी आणायची. मोठाली यांत्रिक जाळी आली, काठालगतचा मासा गेला, वर किनाऱ्याला भराव.

पण एक सांगते. आजच्यासारखा वादळाचा इशारा आज्याच्या हातात नव्हता. त्याचा थोरला भाऊ परत आला नाही. मशीन मिळालं तर मी मासे बघायच्या आधी त्या दिवशीच्या पहाटे बंदरावर जाईन आणि त्याची होडी सोडू देणार नाही.

मीठभाकर
वरळीची_लेक, वाचून घशाशी आलं. लिहीत राहा.

नाट्यवेडा_गिरगाव
थोडं अवांतर, पण मन मोकळं करतो. ८ जुलै १९२१. बालगंधर्व आणि केशवराव भोसले, एकाच रंगमंचावर, संयुक्त मानापमान, टिळक स्वराज्य फंडासाठी. केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरात गेले. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण कुठेही नाही. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे दोन गळे एकमेकांसमोर उभे राहिले आणि लोक पहाटेपर्यंत ऐकत बसले. मला तेवढीच रात्र हवी. उरलेलं आयुष्य मग त्याच काळात मिळेल ते काम करून काढेन, थिएटरच्या दारावर तिकिटं फाडेन.

शिवडी_नाका
बरेच दिवस फक्त वाचतो. या धाग्यावर लिहावंसं वाटलं.

फोर्टकर, तुमची आडनावाची अट मला आवडली. बहुतेक लोक ती विसरून स्वप्न बघतात. पण तीच अट घेऊन मी तुमच्या १८६२ मध्ये आलो तर कुठे असेन? त्याच्या सहा वर्षं आधी, १८५६ ला, धारवाडला एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला होता. नाकारला. तुमच्या राजाबाई टॉवरच्या परांचीवर दगड वाहायला मी असेन, आत पुस्तक वाचायला नसेन.

लालबागच्या नातवाचे आजोबा साचेखात्यात होते, माझे पणजोबा त्याच भागात सूतखात्यात. साचेखात्यात पगार जास्त, पण आमच्या माणसांना तिथे घेत नव्हते. मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात सूत ओवायला ते तोंडाने ओढावं लागायचं, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा दुसरा कसा लावणार? १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. एका लाकडी धोट्याने कितीतरी घरांची चूल ठरवली.

तरी मला मागेच जायचंय. १९२७, परळ. बीआयटी चाळीत बाबासाहेबांच्या दोन खोल्या, त्यांत सगळं कुटुंब आणि पुस्तकं. दामोदर हॉलला कचेरी. मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायले, ३ एप्रिलला त्यांचं 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक सुरू झालं. पैसे नाहीत, माणसं नाहीत. अंकाचा बहुतेक मजकूर ते एकटेच लिहून काढत, कोर्टाचं काम आणि कॉलेजचं शिकवणं सांभाळून.

मी छापखान्यात प्रुफं वाचतो. एवढं एकच काम मला नीट येतं. तिथे चहा वेगळ्या कपात मिळेल, रस्त्यात अपमान होईल, ते सगळं मान्य करून जाईन, कारण त्या माणसाला रात्री एक प्रुफं वाचणारा हवा होता.

रानजाई
शिवडी_नाका, हा प्रतिसाद मी जपून ठेवतेय.

लालबागचा_नातू
धोट्याची गोष्ट आमच्या घरात कधी कुणी सांगितली नाही. आजोबा तर रोज तो हातात धरत होते. उद्या बाबांना विचारतो.

फोर्टकर
अट घालताना मनात हेच होतं. आडनाव सोडून गेलो तर तो प्रवास खोटा ठरतो. तुमचा प्रतिसाद आल्यावर मी १८६२ ला पुन्हा बघतोय. परांचीवर चढणारी माणसं बघायचीत असं मी वर लिहिलं. ती कुठे झोपत होती, पाणी कुठल्या विहिरीचं पीत होती, पडून मेली तर हिशेबाच्या वहीत त्यांची नोंद कशी होत होती, तेही बघेन. वही माझ्याच हातात असणार आहे. त्यांची नावं लिहीन, निदान माझ्या वहीत. १८६४ च्या जनगणनेत शहरात ८ लाख १६ हजारांवर माणसं होती, तेजी बुडाल्यावर १८७२ ला साडेसहा लाखांच्या आत. मधली माणसं कुठे गेली? मला वाटतं त्यांतली बरीच हीच होती, काम संपलं आणि निघून गेली.

म्हणजे माझा काळ तोच, काम वाढलं.

रातपाळी_डॉक्टर
ड्यूटी संपली, आता वाचलं सगळं.

आमच्या धंद्यातल्या माणसाला कुठल्याही काळात काम आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. वर्षाच्या आत अर्धं शहर पळालं. पुढच्या जानेवारीत हाफकिनने लस आधी स्वतःला टोचून घेतली. तिथे मी हात धुवा म्हणून सांगितलं तरी उपयोग नाही, उंदीर आणि पिसवा सांगाव्या लागतील, आणि ते पटवायला मला कुठली पदवी दाखवता येईल? माझी पदवी तर अजून छापलेलीच नाही. तरी पिसवांचं सांगत दारोदार फिरेन.

पण राहायला कुठे जाशील असं विचाराल तर १८०२. त्या वर्षी १४ जूनला मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली, हिंदुस्थानातली पहिली. लस बगदाद, बसऱ्यावरून आली होती, दंडावरून दंडावर. त्या आधी खूप प्रयत्न वाटेतच वाया गेले होते. त्या मुलीच्या दंडावरच्या फोडातून पुढच्या आठवड्यात आणखी पाच मुलांना टोचली, आणि मग तिथून पुणे, सुरत, मद्रास. फ्रिज नाही, बाटली नाही. एका मुलाच्या दंडाला फोड आला की आठव्या दिवशी दुसरं मूल तयार हवं, नाहीतर साखळी तुटली. कुणीतरी घरोघर जाऊन आयांना समजावत असणार, बाई, पोराला घेऊन या. ते काम मला येतं. पोलिओच्या मोहिमेत वस्तीत तेच केलंय. सकाळी दार वाजवायचं, आधी सासूशी बोलायचं, मग सुनेशी.

जुईचा_वेल
डॉक्टर, आठव्या दिवसाचं नीट समजलं नाही. उशीर झाला तर काय व्हायचं?

रातपाळी_डॉक्टर
फोडातली लस साधारण त्या दिवसाच्या आसपास चांगली मिळते. उशीर झाला की फोड सुकतो, खपली धरतो, त्यात दम राहत नाही. म्हणून पुढचं मूल आधीच ठरलेलं लागायचं. कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणी गावाला गेलं, की धावाधाव.

नाट्यवेडा_गिरगाव
@शिवडी_नाका, एक विचारतो. खिळ्यांच्या छपाईत प्रुफं वाचणं आजच्यापेक्षा अवघड नाही का? तिथे गेल्यावर जमेल?

शिवडी_नाका
अवघड आहे. आज चूक दिसली की स्क्रीनवर बदलतो. तेव्हा एक वेलांटी बदलायची तर खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला चिमट्याने खिळा काढून दुसरा बसवावा लागतो, ओळ हलली तर पुढचा परिच्छेद सरकतो. म्हणून प्रुफवाल्याने चुका अशा सुचवायच्या की ओळीची लांबी तेवढीच राहील. आमच्या छापखान्यात एक जुने जुळारी होते, त्यांच्याकडून हे शिकलो. ते म्हणायचे, आधी माझ्या हाताचा विचार कर, मग पेन उचल. मला वाटतं महिन्याभरात हात बसेल. अंक पाक्षिक होता, म्हणजे दोन अंकांत शिकून होईल.